दोन लग्नं, अठरा पोरं आणि एक न झालेलं राज्य

अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल इकडे राहणारी आपली मंडळी लाँग वीकेंड आला की स्मोकी माउंटनला पळतात, पिजन फोर्जला केबिन घेतात, पोरांना डॉलीवूडला नेतात, आणि त्या रस्त्यावर एक बोर्ड लागतो, सव्हीरव्हिल, सव्हीर काउंटी. त्या बोर्डाकडे कुणी बघत नाही. मीसुद्धा नव्हतं बघितलं, माझं सगळं लक्ष गॅस कुठे स्वस्त मिळतो तिकडे होतं. पण घरी आल्यावर सहज वाचायला घेतलं की हा सव्हीर कोण, आणि मग जे काय बाहेर आलं ते आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या राजकारणासारखं निघालं, जमिनी, भाऊबंद, दोन-दोन तहसील कचेऱ्या, पोरांना उचलून नेणं, सगळं. म्हणून म्हटलं सोप्या भाषेत लिहून काढू.

तर जॉन सव्हीर. आधी आडनावाचीच गंमत, कारण तिचा धागा थेट गोव्याला येतो. सव्हीर म्हणजे मूळचं झेवियर. घराणं फ्रान्समधल्या ह्युगनॉ लोकांचं, म्हणजे प्रोटेस्टंट, तिथल्या कॅथलिक राजवटीत टिकाव लागेना म्हणून ते लंडनला आले, तिथे झेवियरचं सव्हीर झालं, आणि जॉनचा बाप व्हॅलेंटाइन पुढे समुद्र ओलांडून व्हर्जिनियात आला. घराण्यात परंपरेने सांगत आले की आपण सेंट फ्रान्सिस झेवियरच्या कुळातले. हो, तेच, जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहेत ते, गोंयचो सायब. ही घरात सांगितली जाणारी गोष्ट आहे, तेवढीच घ्यायची, पण मजा बघा, कॅथलिकांच्या भीतीने पळालेलं घराणं नातं कुणाशी सांगतंय तर कॅथलिक संताशी!

जॉनचा जन्म १७४५ चा, व्हर्जिनियात, शेननडोआ खोऱ्यात. १७६१ मध्ये, म्हणजे १६ व्या वर्षी, सारा हॉकिन्सशी लग्न, ती पण जवळपास तेवढीच. मग शेती, दुकानदारी, जमिनीचे छोटे-मोठे व्यवहार आणि दर दीड-दोन वर्षांनी पाळणा. १७७३ च्या डिसेंबरात हा सगळा बारदाना घेऊन, आईबाप, भाऊ, बायको, पोरं, तो डोंगरापलीकडे होल्स्टन नदीच्या खोऱ्यात गेला आणि पुढे वटॉगा, मग नॉलिचकी नदीच्या काठी, म्हणजे आजच्या पूर्व टेनेसीत. नॉलिचकी जॅक हे त्याचं टोपणनाव तिथलंच.

आता इथे थांबून जागा समजून घ्यायला पाहिजे, कारण ती समजली नाही तर पुढचं सगळं नुसती मारामारी वाटेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर ॲपलेशियन डोंगरांची रांग आहे. डोंगराच्या अलीकडे किनाऱ्याच्या बाजूला इंग्रजांच्या वसाहती. पलीकडचा मुलूख चेरोकी, शॉनी, क्रीक अशा लोकांचा. १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने जाहीरनामा काढला की डोंगराच्या पलीकडे गोऱ्यांनी वस्ती करायची नाही. कारण प्रेम नव्हतं, लढाईचा खर्च वाचवायचा होता. पण जमीन दिसल्यावर जाहीरनामा कोण वाचतंय, लोक गेलेच. १७७२ मध्ये वटॉगाच्या लोकांनी चेरोकींकडून दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन घेतली, आपली आपण एक पंचायत उभी केली, आणि १७७५ मध्ये तीच जमीन २,००० पौंडांना विकत घेतली असा कागद केला. चेरोकींच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांनी त्या सुमाराला अशा कागदांवर सह्या केल्या, पण ड्रॅगिंग कनूसारख्या तरुण पुढाऱ्याने भर सभेत विरोध केला आणि निघून गेला.

म्हणजे परिस्थिती अशी की सातबाऱ्यावर नाव नॉर्थ कॅरोलायनाचं, वहिवाट या डोंगरी लोकांची, आणि मूळ मालक चेरोकी. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं की सव्हीरचं सगळं आयुष्य उलगडतं. माझं तर असं मत झालंय की हा माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे होता, की आपल्या वहिवाटीवर कुणीतरी पक्का शिक्का मारून द्यावा, मग तो शिक्का कुणाचा का असेना. पुस्तकांत त्याला बंडखोर म्हणतात, देशभक्त म्हणतात, कुणी देशद्रोही पण म्हणतात, मला तो सगळ्यात आधी अठरा पोरांचा बाप आणि जमीनवाला दिसतो.

१७७६ चा जुलै. पूर्वेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघालाय आणि इकडे चेरोकींनी वस्त्यांवर चाल केली. नॅन्सी वॉर्ड नावाच्या चेरोकी बाईने, जिला त्यांच्या समाजात फार मान होता, आधीच निरोप पाठवला होता, त्यामुळे लोक वटॉगाच्या गढीत गोळा झालेले. गढी म्हणजे काय, टोकदार लाकडी ओंडक्यांचं उंच कुंपण आणि आत खोल्या. पहाटे काही बायका दूध काढायला बाहेर गेल्या होत्या आणि तेवढ्यात हल्ला आला. बाकीच्या आत पळाल्या, कॅथरीन शेरिल नावाची पोरगी मागे राहिली आणि दरवाजा बंद झाला. ती वळसा घालून कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला धावली, उडी मारली, वरून सव्हीरने हात धरून तिला आत ओढली. ही गोष्ट टेनेसीत सगळ्यांना पाठ असते, आणि केट म्हातारपणी सांगायची म्हणे की त्या मिठीसाठी मी पुन्हा तशी धावेन! ऐकायला रोमँटिक आहे, फक्त त्या वेळी सव्हीरची बायको जिवंत होती आणि घरात पोरांची रांग होती, हे सांगणारे हळूच गाळतात.

सारा १७८० च्या सुरुवातीला गेली. १९ वर्षांच्या संसारात १० पोरं. त्या वेळी हल्ल्याची भीती इतकी होती की तिला घाईघाईत गढीजवळच पुरलं असं सांगतात, आणि पुढे तिची खूणही नीट राहिली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सव्हीरने केटशी लग्न केलं. केट पंचविशीतली, आणि सावत्र थोरला मुलगा जोसेफ सतरा-अठराचा. आल्या आल्या दहा पोरांची आई, वर नवरा कायम घोड्यावर. तिला पुढे स्वतःची आठ झाली. लोक तिला बॉनी केट म्हणायचे, म्हणजे देखणी केट, पण मला वाटतं तिच्या कामाचं वर्णन देखणीपणात बसत नाही.

लग्नाला जेमतेम सहा आठवडे झाले नाहीत तर किंग्ज माउंटनची मोहीम निघाली. इंग्रजांचा मेजर पॅट्रिक फर्ग्युसन याने डोंगरी लोकांना निरोप धाडला होता की गप्प बसा नाहीतर डोंगर ओलांडून येतो, पुढाऱ्यांना फासावर देतो आणि मुलूख जाळतो. असा निरोप ज्यांच्या घरात दहा पोरं आहेत त्यांना पाठवू नये. सव्हीर आणि आयझॅक शेल्बी नावाचा दुसरा डोंगरी पुढारी यांनी ठरवलं की तो यायच्या आधी आपणच जायचं. पण पैसा? तिजोरीत पैसा म्हणाल तर एकच, सरकारी जमीन विक्रीचा, आणि तो जॉन अडेर नावाच्या कारकुनाकडे. अडेरचं म्हणणं थोडक्यात असं, की हा पैसा द्यायचा मला अधिकार नाही, पण इंग्रज जिंकले तर पैसा तसाही गेलाच, तर घेऊन जा. सव्हीर-शेल्बीने स्वतःच्या नावावर हमी लिहून दिली. मेरी पॅटन नावाच्या बाईने ५०० पौंड दारू, म्हणजे बंदुकीची दारू, बनवून दिली. २५ सप्टेंबरला सगळे सिकमोर शोल्सला जमले, पाद्रीबुवांनी प्रवचन केलं आणि निघाले. सव्हीरची मोठी पोरं बरोबर होती. जेम्स अजून सोळाचाही पुरा नव्हता, आणि गोष्ट अशी सांगतात की केटनेच त्याला पुढे आणून उभं केलं, हा पण येतो म्हणतोय, घोडा मात्र नाहीये.

७ ऑक्टोबर १७८०, एका टेकडीवर तासाभरात लढाई संपली. फर्ग्युसन मेला, त्याची फौज संपली किंवा कैद झाली. गंमत म्हणजे फर्ग्युसन सोडला तर समोरचे जवळपास सगळे अमेरिकनच होते, राजाच्या बाजूचे. सव्हीरचा धाकटा भाऊ रॉबर्ट मात्र त्यात गेला. बंदूक भरायचा गज हातातून पडला, तो उचलायला वाकला आणि छर्रे कमरेत घुसले. डॉक्टरने सांगितलं हलू नकोस, पडून राहिलास तर कदाचित वाचशील. पण इंग्रजांच्या घोडदळाचा अधिकारी टार्लटन मागून येईल ही धास्ती आणि घरची ओढ, तो घोड्यावर बसला आणि घराकडे निघाला, नवव्या दिवशी वाटेतच डोंगरात गेला. घोंगडीत गुंडाळून एका ओकच्या झाडाखाली पुरला. विजयाची बातमी आणि हे, दोन्ही एकाच वाटेने नॉलिचकीला पोचलं.

विजयानंतर घरी बसायला वेळ कुठे, सव्हीर लगेच चेरोकींवर गेला. इथे मी गोड बोलणार नाही. त्याच्या मोहिमा म्हणजे गावं जाळणं आणि मक्याची कोठारं जाळणं, ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. पस्तीस लढाया पस्तीस विजय असं त्याचे भक्त सांगतात, पण कोठार जाळण्याला लढाई म्हणायचं का हा प्रश्न आहे.

आता येतो मुख्य गुंता, फ्रँकलिन राज्याचा. १७८३ ला युद्ध संपलं, नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी डोंगरापलीकडची जमीन विकायला काढली, १०० एकरांना १० पौंड, आणि सात महिन्यांत लाखो एकर कागदोपत्री विकली गेली, त्यातली बरीचशी तिथे कधी पाऊलही न टाकलेल्या पुढाऱ्यांना. आणि विकून झाल्यावर १७८४ मध्ये ठराव केला की तो सगळा मुलूख आम्ही केंद्राला, म्हणजे काँग्रेसला, देऊन टाकतो. म्हणजे दूध काढून झालं, आता गाय तुम्ही सांभाळा. कारण सरळ होतं, युद्धाचं कर्ज केंद्राच्या गळ्यात आणि चेरोकींपासून रक्षण करायचा खर्च पण केंद्राच्या गळ्यात. डोंगरी लोक म्हणाले, मग आम्ही अधांतरी का? ऑगस्ट १७८४ मध्ये जोन्सबरोला सभा घेऊन त्यांनी स्वतःचं राज्य करायचं ठरवलं. तेवढ्यात नॉर्थ कॅरोलायनाला पश्चात्ताप झाला आणि नोव्हेंबरात दिलेली गाय परत मागितली. सव्हीरला तर त्यांनी ब्रिगेडियर जनरलचं पद पण देऊ केलं, आणि तो खरंच दोन दिवस डळमळला, लोकांना म्हणाला जाऊ द्या आता. पण लोक ऐकेनात, मग तो पण वाहत्या पाण्याबरोबर गेला आणि मार्च १७८५ मध्ये फ्रँकलिनचा गव्हर्नर झाला.

नाव बेंजामिन फ्रँकलिनवरून ठेवलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल आणि तो शब्द टाकेल म्हणून. त्याने छान पत्र लिहिलं, मानाबद्दल आभार, पण देण्यासारखं माझ्याकडे शुभेच्छांशिवाय काही नाही आणि भांडण काँग्रेसपुढे न्या. काँग्रेसमध्ये अर्ज गेला, सात राज्यं बाजूने बोलली. पण त्या वेळच्या नियमाने दोन तृतीयांश लागत होते, म्हणजे नऊ. दोन मतांनी हुकलं आणि ते राज्य कधीच कागदावर जन्मलं नाही, जमिनीवर मात्र चार वर्षं चाललं.

कसं चाललं ते बघण्यासारखं आहे. नाणं नाहीच, म्हणून कायद्यातच लिहिलं की कर वस्तूंनी भरा, आणि भाव ठरवून दिले. बीव्हर किंवा पाणमांजराचं कातडं ६ शिलिंग, रॅकूनचं १ शिलिंग ३ पेन्स, राय व्हिस्की गॅलनला अडीच शिलिंग, पीचची ब्रँडी ३ शिलिंग, शिवाय मेण, डुकराचं खारवलेलं मांस, मेपलची साखर. भावातला फरक बघितलात ना? मग काय, लोक म्हणे रॅकूनच्या कातड्याला पाणमांजराची शेपटी शिवून आणायचे. चलन खोटं करायला छापखाना लागत नव्हता, सुई-दोरा पुरे. पूर्वेकडचे लोक चेष्टा करायचे की फ्रँकलिनचा गव्हर्नर वर्षाला हजार हरणांच्या कातड्यांवर नोकरी करतो. चेष्टा ठीक आहे, पण जिथे रोकड नाही तिथे दुसरं करणार काय, उलट आमच्या आज्जीच्या गावात बलुतं धान्यात द्यायचे तेच हे, मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

खरी अडचण वेगळी होती. नॉर्थ कॅरोलायनाने पण आपलं सरकार त्याच गावात चालू ठेवलं. म्हणजे एका काउंटीत दोन कोर्टं, दोन शेरीफ, दोन कर, लग्नाचा परवाना कुणाकडून घ्यायचा हाही प्रश्न. नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने उभा राहिला जॉन टिप्टन, जो सुरुवातीच्या सभेत यांच्याच बरोबर होता. टिप्टनची माणसं फ्रँकलिनच्या कोर्टात घुसायची, न्यायाधीशांना बाहेर काढून दप्तर पळवायची, मग सव्हीरची माणसं जाऊन तेच दप्तर उलट पळवून आणायची. सव्हीरचा मुलगा जेम्स कोर्टाचा कारकून होता, त्याने म्हणे कागद नेऊन गुहेत लपवले, आणि या पळवापळवीत कितीतरी जमिनींचे आणि लग्नांचे कागद कायमचे गेले. एकदा जोन्सबरोच्या रस्त्यावर हे दोघं पुढारी स्वतःच भिडले, सव्हीरने काठी उचलली, टिप्टनने मुठी आवळल्या, लोकांनी सोडवलं.

फेब्रुवारी १७८८ मध्ये हे टोकाला गेलं. नॉर्थ कॅरोलायनाचा कर भरला नाही म्हणून त्यांच्या शेरीफने सव्हीर घरी नसताना त्याच्या गुलामांना जप्त केलं आणि टिप्टनच्या घरी नेऊन ठेवलं. हो, गुलाम. हा स्वातंत्र्यवीर माणसं बाळगून होता, आणि जप्तीच्या यादीत माणसं भांड्याकुंड्यांसारखी धरली जात होती. ज्यांना उचलून नेलं त्यांची नावं कुणी सांगत नाही, गोष्ट सगळी सव्हीर आणि टिप्टनची. सव्हीर दीडेकशे माणसं घेऊन गेला आणि टिप्टनच्या घराला वेढा दिला. २९ फेब्रुवारीला पहाटे एवढा बर्फ पडत होता की समोरचं दिसत नव्हतं, टिप्टनला कुमक आली, धुमश्चक्री झाली, सव्हीर मागे हटला. आणि त्याची दोन पोरं, जेम्स आणि जॉन, काय झालंय ते माहीत नसल्यामुळे घोड्यावरून थेट टिप्टनच्या अंगणात गेली! टिप्टन म्हणाला फाशी देतो. त्याच्याच माणसांनी त्याला समजावलं की अरे बाबा, उद्या तुझी पोरं त्याच्या हातात सापडली तर? सोडली. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, सव्हीरची गव्हर्नरपदाची मुदत संपली आणि राज्य तिथेच विरघळलं.

त्यानंतरचं वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात घाण. एका कर्क नावाच्या कुटुंबाची चेरोकींकडून कत्तल झाली, त्याचा बदला म्हणून सव्हीरच्या फौजेतल्या लोकांनी ओल्ड टॅसल या म्हाताऱ्या चेरोकी प्रमुखाला पांढऱ्या निशाणाखाली बोलावून, घरात कोंडून, कर्कच्या मुलाच्या हातात कुऱ्हाड देऊन मारून टाकलं, बाकीच्यांनाही. ओल्ड टॅसल आयुष्यभर तहाच्या बाजूचा माणूस. सव्हीर त्या वेळी तिथे नव्हता, पण त्याने कुणाला शिक्षाही केली नाही. डोंगरापलीकडची शांततेची जी काय आशा होती ती त्या खोलीत संपली, आणि पुढची वर्षं सीमेवरच्या घराघरांनी त्याची किंमत मोजली, खुद्द सव्हीरच्या भावाचे, व्हॅलेंटाइनचे, मुलगे मारले गेले.

याच सुमाराला त्याने स्पेनला पत्र लिहिलं. यावर लोक खूप तापतात, पण नकाशा बघा. नॉलिचकीचं पाणी फ्रेंच ब्रॉडमध्ये, ते टेनेसीत, ते ओहायोत, ते मिसिसिपीत आणि मिसिसिपी समुद्राला मिळते न्यू ऑर्लिन्सला, जे तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं आणि १७८४ पासून त्यांनी अमेरिकनांना नदी बंद केलेली. डोंगर चढवून माल पूर्वेला न्यायचा तर खर्चात बुडतो. पाणी जिकडे जातं तिकडेच बाजार. म्हणून सप्टेंबर १७८८ मध्ये त्याने न्यूयॉर्कमधल्या स्पॅनिश वकिलाला, गार्दोकीला, लिहिलं की आम्ही तुमच्या आश्रयाला यायला तयार आहोत. शिक्का कुणाचा का असेना, मी म्हटलं होतं ना.

नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरने राजद्रोहाचं वॉरंट काढलेलंच होतं. ऑक्टोबरात टिप्टनने त्याला पहाटे एका विधवेच्या घरी पकडलं आणि बेड्या घालून डोंगरापलीकडे मॉर्गनटनला नेलं. पुढची दंतकथा फर्मास आहे, कोर्ट भरलंय, दाराशी त्याची घोडी उभी, त्याचा मित्र आत येऊन न्यायाधीशाला विचारतो, झालं का तुमचं या माणसाशी, आणि सव्हीर उडी मारून पसार. प्रत्यक्षात तिथला शेरीफ आणि जामीन राहिलेले मॅकडॉवेल हे किंग्ज माउंटनच्या मोहिमेतले जुने सोबती, त्यांनी त्याला सरळ जाऊ दिलं. खटला कधी उभाच राहिला नाही. आणि पुढच्याच वर्षी हा माणूस निवडून येऊन त्याच नॉर्थ कॅरोलायनाच्या सिनेटमध्ये बसला, माफी मिळाली, पद परत मिळालं, फेडरल राज्यघटनेला मान्यता द्यायच्या परिषदेतही हजर. कालचा आरोपी आज आमदार, आपल्याला यात नवीन काही वाटायचं कारण नाही.

नॉर्थ कॅरोलायनाने मुलूख पुन्हा एकदा, आणि या वेळी कायमचा, केंद्राला दिला, आणि १ जून १७९६ ला टेनेसी सोळावं राज्य झालं. पहिला गव्हर्नर कोण, तर हाच. दोन-दोन वर्षांच्या सहा टर्म, १७९६ ते १८०१ आणि १८०३ ते १८०९. त्याची डायरी शिल्लक आहे आणि ती वाचून निराशाच होते, पाऊस पडला, अमका जेवायला होता, तमक्याला इतके डॉलर दिले, दुखण्यावर हे औषध. पण मला तेच आवडलं, कारण गव्हर्नरचं घर म्हणजे नॉक्सव्हिलजवळचं शेत, आणि येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी जावई, मेहुणा नाहीतर किंग्ज माउंटनचा जोडीदार.

पोरांमध्ये मला सगळ्यात आवडली ती रूथ, केटची मुलगी. बापाने पकडून आणलेले काही चेरोकी कैदी त्यांच्या घरी राहिले होते, त्यांच्याकडून ही पोरगी त्यांची भाषा शिकली. आणि तिने लग्न केलं रिचर्ड स्पार्क्सशी, ज्याला लहानपणी शॉनी लोकांनी पळवून नेऊन आपल्यात वाढवलं होतं, जो मोठेपणी परत आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि ते त्याला रूथने शिकवलं. पुढे तो अमेरिकन फौजेत कर्नल झाला. गावं जाळणाऱ्याच्या घरात हे जोडपं!

आणि मग अँड्र्यू जॅक्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला तोच. भांडणाचं मूळ दोन, एक सेनापतिपद, १८०२ मध्ये दोघांना सारखी मतं पडली आणि तेव्हाच्या गव्हर्नरने आपलं मत जॅक्सनला दिलं. दुसरं अर्थातच जमीन. जॅक्सनने आरोप केला की सव्हीरने स्वस्तातल्या जमिनीचे दाखले बदलून महागातले करून घेतले. १ ऑक्टोबर १८०३ ला नॉक्सव्हिलच्या कोर्टासमोर दोघांची जुंपली. जॅक्सन आपण केलेल्या सेवेची यादी सांगायला लागला तेव्हा सव्हीर भर चौकात म्हणाला, तू दुसऱ्याची बायको घेऊन नॅचेझला गेलास त्याशिवाय तुझी कसली सेवा मला माहीत नाही. जॅक्सनची बायको रेचेल, तिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा घटस्फोट पूर्ण व्हायच्या आधी हे दोघं लग्न झालंय असं समजून एकत्र राहत होते, आणि त्या विषयावर बोलणाऱ्याला जॅक्सन सोडत नसे. पिस्तुलं निघाली, एका बघ्याला गोळी घासून गेली.

द्वंद्वयुद्ध ठरलं, पण टेनेसीत ते बेकायदा, म्हणून चेरोकींच्या हद्दीत. जॅक्सन वाट बघून बघून कंटाळून परत निघाला तर वाटेत सव्हीर भेटला. एक ५८ वर्षांचा गव्हर्नर आणि एक ३६ वर्षांचा हायकोर्टाचा जज्ज, आधी यथेच्छ शिव्या, मग जॅक्सन हातातली काठी भाल्यासारखी धरून घोडा घालायला लागला, सव्हीरने तलवार उपसली तर त्याचाच घोडा बुजला आणि पिस्तुलांसकट पळाला! आता जॅक्सनकडे पिस्तूल आणि गव्हर्नर झाडामागे. सव्हीरच्या मुलाने जॅक्सनवर पिस्तूल रोखलं, जॅक्सनच्या माणसाने मुलावर रोखलं. शेवटी बरोबरच्यांनी समजूत घातली, सगळे शिव्या देत देत घरी गेले.

१८११ पासून सव्हीर काँग्रेसमध्ये होता, म्हातारा, फारसा बोलत नसे. १८१५ मध्ये त्याला अलाबामात पाठवलं, क्रीक लोकांच्या जमिनीची नवी हद्द मोजायला. ही हद्द कुठून आली, तर १८१४ मध्ये क्रीकांना हरवून एक तह लादला गेला, ज्यात त्यांची २ कोटींवर एकर जमीन गेली, आणि तो तह लादणारा जनरल अँड्र्यू जॅक्सन. जॅक्सनने आखलेल्या रेषेवर खुंट्या ठोकताना सव्हीरला ताप आला आणि २४ सप्टेंबर १८१५ ला, सत्तरावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला असताना, तो तंबूतच वारला. तिथेच फोर्ट डेकेटरजवळ पुरला. केट नंतर अलाबामातच मुलाकडे जाऊन राहिली आणि १८३६ मध्ये तिकडेच वारली.

आज वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये प्रत्येक राज्याचे दोन पुतळे आहेत, आणि टेनेसीने नेमके कुणाचे दिलेत, जॅक्सन आणि सव्हीर. नशीब एका खोलीत ठेवले नाहीत. सव्हीरची हाडं १८८९ मध्ये, ७४ वर्षांनी, अलाबामातून उकरून नॉक्सव्हिलला कोर्टाच्या हिरवळीवर आणली. म्हणजे झेवियरच्या घराण्याशी नातं सांगणारा हा पण मेल्यावर प्रवास करून आला, तिकडे संताचा देह चीनच्या किनाऱ्यावरून मलाक्का आणि मलाक्कावरून गोव्याला, इकडे याचा. केटला १९२२ मध्ये आणून त्याच्या शेजारी ठेवलं. दहा पोरांची आई सारा मात्र नॉलिचकीकाठी जिथे घाईत पुरली तिथेच कुठेतरी आहे, कोर्टाच्या हिरवळीवर तिच्या नावाचा नुसता दगड आहे.